तळातलं मीठ

ताटली स्वच्छ होती. काठापर्यंत नितळ पाणी, आणि त्यात वरच्या दिव्यांची रांग इतकी रेखीव उमटलेली की एखाद्या सराफाला हेवा वाटावा. मीठबाई काचेच्या पेटीसमोर उभी होती आणि तिच्या खांद्यावरची पिशवी अजून खाली उतरली नव्हती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घेतलेली रजा संपवून ती आज संग्रहालयात परतली होती, आणि आजच संध्याकाळी या नव्या दालनाचं उद्घाटन होतं.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

दालनाचा पहारेकरी खुर्चीतून उठला. "साहेबांनी स्वतः, बाई. बाह्या सरसावून. बाहेर फोटो लावलाय, बघितला नाहीत?"

तिने बघितला होता. पण घाईत, आणि एवढा मोठा आपला भाऊ बघायची सवय नसल्यामुळे दुर्लक्ष करून. प्रवेशद्वाराशेजारी दारभर उंचीच्या छायाचित्रात संग्रहालयाचे संचालक, म्हणजे तिचा थोरला भाऊ, एका ताटलीवर वाकले होते. हातात कापड, कपाळावर योग्य त्या प्रमाणात घाम. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'वारसा जपणारे हात.'

संग्रहालयात तिला सगळे मीठबाई म्हणत. द्रावणांच्या रसायनशास्त्रातली तिची डॉक्टरकी उच्चारायला जड होती. त्यामानाने मीठ सगळ्यांच्या परिचयाचं. पेट्यांत ठेवलेल्या जुन्या वस्तूंना दमटपणापासून आणि कोरडेपणापासून वाचवणं हे तिचं काम, आणि त्याचं साधन म्हणजे प्रत्येक पेटीच्या तळाशी ठेवलेली मिठाच्या द्रावणाची ताटली. मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे, मॅग्नेशियमचं. पण रीत तीच. पाण्यात मीठ घालत जावं, ते विरघळत जातं, आणि एका टप्प्यावर पाणी हात टेकतं. त्यानंतर घातलेला प्रत्येक कण तळाशी जाऊन बसतो. अशा संपृक्त द्रावणावरच्या कोंडलेल्या हवेत ओलावा ठरावीकच राहतो. बाहेरून दमटपणा शिरला तर द्रावण तो ओढून घेतं आणि तळातलं थोडं मीठ विरघळतं. हवा कोरडी पडली तर द्रावण पाणी सोडतं आणि थोडं मीठ पुन्हा तळाशी येतं. मधल्यामध्ये हवा जिथल्या तिथे राहते आणि पेटीतल्या लाकडाला ऋतू बदलल्याचा पत्ताही लागत नाही. हा सगळा कारभार चालतो तो त्या तळातल्या पांढुरक्या, ओल्या वाळूसारख्या गाळावर. तो आहे तोवर द्रावण शब्दाला जागतं. तो संपला, की उरतं ते फक्त खारट पाणी, आणि पाण्यासारखंच वागतं.

हे तिने दादाला अनेकदा सांगितलं होतं. दादाने ते प्रत्येक वेळी मान डोलावून, डोळे किंचित मिटून ऐकलं होतं. परिसंवादात दुसऱ्याचा निबंध चालू असताना तो असाच ऐकत असे. जुन्या पेट्यांत ताटली जाळीच्या फळीखाली लपलेली असायची. नव्या दालनाच्या पेट्या मात्र त्याने तळापर्यंत काचेच्या करून घेतल्या आणि मग ताटलीकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, "चिमे, ही खरकटी थाळी पाहुण्यांसमोर ठेवायची?"

चिमी. तिचे केस पिकले होते, तिचे निबंध दूरदूरच्या संग्रहालयांतले लोक वाचत होते, आणि कर्मचाऱ्यांच्या भर बैठकीत ती चिमी होती.

पेटीत ठेवलेलं वाद्य त्यांच्या वडिलांनी केलेलं होतं. शेवटचं. बाबा तंतुवाद्यं बनवत. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा कारखाना, आणि कारखान्यात जागा न उरल्यामुळे मागचं स्वयंपाकघर म्हणजे सरस उकळण्याची भट्टी. कातड्याहाडांचा तो चिकट, तपकिरी सरस आई दुधाच्या पातेल्याशेजारी पाण्यात पातेली ठेवून तापवायची, आणि घरातला चहा वर्षानुवर्षं किंचित चामड्यासारखा लागायचा. शेवटच्या वाद्याच्या वेळी बाबांचे हात कापत होते. पुढची फळी त्यांनी कागदाइतकी पातळ रंधली आणि तारा जिच्यावरून जातात ती घोडी फळीवर चिकटवताना लेकीला म्हणाले, "तू धर. माझा हात हलेल." ती सरस धरेपर्यंत घोडी दाबून बसून राहिली. तिच्या अंगठ्यांवर वळ उठले. दादा त्या सुमारास परदेशी एका व्यासपीठावर वाद्यनिर्मितीच्या सांस्कृतिक राजकारणावर बोलत होता. त्या विषयावरचा त्याचा ग्रंथ पुढे फार गाजला. ग्रंथात खुंट्यांवर एक आख्खं प्रकरण होतं. आयुष्यात त्याने एकही खुंटी पिळलेली नव्हती.

संचालकांच्या खोलीत दादा कपाटाच्या काचेत बघून भाषणाची तालीम करत होता.

"आलीस? आई कशी आहे? गाडी पाठवतोय तिला. पहिल्या रांगेत मधली खुर्ची."

"दादा, ताटलीतलं मीठ कुठे गेलं?"

"कुठे जाणार? तिथेच आहे." तो खुशीत हसला. "तू मला अगदीच अडाणी समजतेस. टाकून दिलं असतं तर तू माझा जीव घेतला असतास, हे मला कळत नाही का? एक कणही वाया घालवला नाही. ही किटली बघितलीस? हिच्यातलं गरम पाणी ओतलं, ढवळलं, संपला विषय. तुझं मीठ जसंच्या तसं आत आहे. फक्त आता ते चारचौघांत बसण्यालायक झालंय."

"किती पाणी ओतलंस?"

"सगळं विरघळेपर्यंत. मावेना, तेव्हा दुसरी ताटली मागच्या बाजूला ठेवली. आता दोन आहेत. एकीपेक्षा दोन बऱ्याच की!"

तिने टेबलाची कड धरली. धरली नसती तर हाताने दुसरं काहीतरी उचललं असतं, आणि टेबलावर संगमरवरी पेपरवेट होता.

"आणि आर्द्रतामापक? पेटीत काटा असलेली तबकडी होती."

दादाने खण उघडून ती काढून दिली. "घड्याळासारखी दिसते गं. माणसं वाद्य बघायचं सोडून वेळ बघायला वाकतात."

"तू पेटीत पाण्याचं तळं करून ठेवलंयस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा राग चढण्याऐवजी थंड होत जायचा आणि तिच्या विद्यार्थ्यांना त्याचीच जास्त धास्ती असायची. "ते पाणी आता बंद पेटीतली हवा दमट करत बसलंय. लाकूड फुगतंय. त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे सरस ओला होऊन मऊ पडतोय. घोडी फक्त सरसावर उभी आहे, दादा. खिळा नाही, खीळ नाही. नशीब एवढंच की तारा मी सैल ठेवल्या होत्या."

दादा भाषणाचे कागद जुळवू लागला. चूक झाली की तो असंच काहीतरी आवरायला घ्यायचा, लहानपणापासून.

"दादा?"

"वादकांनी काल येऊन स्वर लावलेत," तो म्हणाला. "आज ते वाजवणार आहेत. बाबांचं वाद्य बाबांच्या दालनात वाजणार, म्हणून तर एवढा घाट."

"पूर्ण ताणलंय?"

"अर्धवट ताणून स्वर लागतो होय?"

"लगेच उतरवायला हवं. आत्ता. तारा सैल करायच्या, वाद्य उताणं ठेवायचं, ओलावा हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन खाली आणायचा. आज वाजवलं तर घोडी उखडेल आणि एकटी उखडणार नाही, फळीचं सालपट घेऊन जाईल. मग ते वाद्य राहणार नाही. लाकडाचा खोका राहील."

"ओलं झालंय ना? मग सुकवू. माझ्या खोलीतला हीटर नेऊन लावतो पेटीशी. संध्याकाळपर्यंत ठणठणीत."

"हीटर लावलास तर संध्याकाळची वाट बघावी लागणार नाही. फळी दुपारीच चिरेल."

"म्हणजे ओलंही चालत नाही, सुकवलेलंही चालत नाही!" दादाने हात पसरले. "चिमे, तुझ्या शास्त्रात माणसाने करायचं तरी काय असतं?"

"हात लावायचा नसतो."

तो क्षणभर दुखावला. मग त्याच्या चेहऱ्यावर ते सहनशील हसू आलं, जे तो पत्रकारांसाठी आणि बहिणीसाठी राखून ठेवायचा. "हे बघ. लोक बोलावलेत. वादक आलेत. आई येतेय. ऐन वेळी मी काय सांगू? की ताटलीत गाळ नाही म्हणून कार्यक्रम नाही? हसतील लोक. एवढंसं वाजवू दे, दोन आलाप. नंतर तुझं तू काय ते कर. आणि ते वाद्य बाबांचं आहे, तुझं एकटीचं नाही."

"घोडी धरून कोण बसलं होतं?"

"झालं सुरू! सगळं साठवून ठेवतेस तू मनात, हाच तुझा दोष. माणसाने सोडून द्यायला शिकावं."

"किल्ली दे."

किल्ली टेबलावरच होती. तिला लाल रेशमी फीत बांधली होती आणि फितीचा गोंडा पेपरवेटखाली दाबून ठेवला होता. रजेवर जाताना ही किल्ली तिने स्वतःच सही घेऊन त्याच्या हाती सोपवली होती; कारण नियम तसा होता आणि नियम तिनेच लिहिला होता.

"किल्ली प्रमुख पाहुण्यांच्या हातात जाणार," दादा म्हणाला. "वादकांनी काल काम झाल्यावर लगेच परत दिली, म्हणून तुलाही देऊ असं नाही. तू घेतलीस तर संध्याकाळपर्यंत मला मिळायची नाही, हे मी ओळखून आहे."

त्या एका बाबतीत त्याचं तिच्याविषयीचं आकलन अचूक होतं.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "पेटी उघडली की वाद्य बाहेर मी काढणार. हातमोजे घालून. हे तरी?"

"अगं, त्याहून सुंदर काय!" दादाचा चेहरा उजळला. "लेकीच्या हातून. वा! फोटोसुद्धा छान येईल."

दुपारभर ती प्रयोगशाळेत बसून राहिली. काच फोडता आली असती. पण आयुष्यभर तिने काचा शाबूत ठेवण्यासाठीच पगार घेतला होता. शिवाय काचेची एक कपची फळीवर पडली असती तरी काम तमाम होतं. तिने शांतपणे हिशेब मांडला. पेटी उघडेपर्यंत काहीही करता येणार नाही. उघडल्यावर वाद्य तिच्या हातात येईल, आणि तिच्या हातातून वादकाच्या. मधलं अंतर चार पावलांचं. त्या चार पावलांत काय करायचं ते तिला माहीत होतं. करवेल की नाही, तेवढं माहीत नव्हतं. कारण पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर आई असणार होती.

आईला तिने काही सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, हे एक कारण. दुसरं कारण असं, की आई काय म्हणेल हे तिला तोंडपाठ होतं. शाळेत असताना तिने काचेच्या बरणीत तुरटीचं द्रावण करून दोऱ्याला टांगलेला एक स्फटिक वाढवला होता. आठ बाजूंचा, बोराएवढा, इतका सरळ कडांचा की बाबांनी त्याच्याशी पट्टी लावून पाहिली होती. दादाला रंगाचे ब्रश धुवायला बरणी हवी होती. त्याने ती मोरीत उपडी केली, वरून नळ सोडला, आणि संध्याकाळी चित्रकलेत बक्षीस मिळवून आला. आईने दोघांना जवळ घेतलं आणि म्हणाली, "मिटवा आता. तू शहाणी आहेस ना चिमे, दुसरा बनव." शहाणपण तिच्या वाट्याला आलं ते असं, जसं इतर घरांतल्या मुलींना धाकट्या भावंडांचं करणं येतं. पुढे दादा घर सोडून गेला, बाबांच्या आजारपणात आला नाही, बाबा गेल्यावर आला आणि शोकसभेत सगळ्यांना रडवून गेला. आणि दर वेळी आईने त्यावर पाणी ओतलं आणि ढवळलं. कुटुंबात कधी भांडण झालं नाही. सगळे म्हणत, किती नितळ माणसं आहेत.

संध्याकाळी दालन भरलं. आई काळा चष्मा लावून मधल्या खुर्चीत बसली होती, मांडीवर हात, हातात घडी घातलेला रुमाल. शेजारी पांढऱ्या केसांचे वादक. ते बाबांचे जुने गिऱ्हाईक. बाबांनी त्यांच्यासाठी केलेली वाद्यं त्यांनी जगभर वाजवली होती.

दादा बोलायला उभा राहिला. तो फार चांगला बोलला. तो नेहमीच फार चांगला बोलायचा. लाकडाची स्मृती, हातांची भाषा, शांततेचा आवाज. एकेक शब्द पॉलिश केलेला आणि एकाच्याही खाली काही नाही. "बाबांनी मला शिकवलं," तो म्हणाला, "की वाद्य जपायचं म्हणजे ते कपाटात कोंडायचं नाही, त्याला श्वास घेऊ द्यायचा." बाबा पावसाळी हवेत कारखान्याचं दार उघडलं म्हणून पोरांना रंधा फेकून मारायला धावत. मीठबाईने हातमोज्याची बोटं एकेक करून ओढली.

प्रमुख पाहुण्यांनी लाल फितीची किल्ली फिरवली. पेटीचं दार उघडलं.

वास बाहेर आला. फार नाही, झुळकीएवढा. चामड्याचा, गोडसर, कोमट. बाकीच्यांना तो नव्या दालनाचा, व्हार्निशचा वास वाटला असेल. मीठबाईने वळून आईकडे पाहिलं.

आईचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. काळ्या चष्म्याआडून तिला पुढचं फारसं दिसत नव्हतं, पण तिच्या नाकपुड्या हलल्या. त्या वासासोबत तिने संसार केला होता. कोरडा सरस वास देत नाही. वास येतो तो ओला झाल्यावर, आणि ओला सरस काही धरून ठेवत नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

मीठबाई आईजवळ वाकली, जणू पदर सारखा करायला.

"सरस सुटतोय," आई पुटपुटली.

"हो."

"ह्याने केलं?"

"हो. आता वाजवलं तर घोडी जाईल, आई. फळीसकट."

आईने रुमालाची घडी मोडली आणि परत घातली. पाहुण्यांच्या टाळ्या चालू होत्या. व्यासपीठावरून दादा हसऱ्या चेहऱ्याने बहिणीची वाट बघत होता.

"असू दे," आई म्हणाली. "एवढे लोक बसलेत, चिमे. त्याची शोभा होईल. एकदा वाजू दे. वस्तूच आहे ती. मिटवून घे."

मीठबाई सरळ झाली. आजवर तिची समजूत होती की आई दादाला माफ करते कारण तिला त्याच्या चुका कळत नाहीत; कळल्या असत्या तर एकदा तरी बोलली असती. ती समजूत आता गेली. आईला सगळं कळत होतं. बरणी कळली होती, शोकसभा कळली होती, आणि आता तिच्या नवऱ्याच्या कापऱ्या हातांचं शेवटचं काम उखडलं जाणार हेही तिला स्वच्छ कळलं होतं. आणि ते कळून तिने घडी घातली होती.

ती पेटीकडे गेली आणि वाद्य उचललं. हातमोज्यातूनही लाकूड दमट, जडसं लागलं. तिने ते दिव्याकडे तिरकं केलं. घोडीच्या मागच्या कडेखाली, जिथे फळी आणि घोडी यांच्यात काहीही दिसता कामा नये, तिथे केसाएवढी काळी रेघ होती. तिच्या अंगठ्यांच्या जागी.

वादक हात पुढे करून उभे होते.

"काका," ती त्यांना म्हणाली, "हे बघा." आणि रेघ दाखवली.

त्यांनी पाहिलं. त्यांचे हात हवेतच थांबले. मग त्यांनी दादाकडे पाहिलं, मग प्रमुख पाहुण्यांकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी फार जोर देणार नाही, बाई. आलेत सगळे..."

"तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली.

"चिमे," दादा माइकपासून तोंड वळवून, हसू न मोडता कुजबुजला, "दे त्यांना. नंतर बोलू."

तिने वाद्य टेबलावर, मखमलीवर उताणं ठेवलं. उजवा हातमोजा काढला. आणि पहिली खुंटी उलटी फिरवली.

तार कण्हल्यासारखी खाली उतरली. दालनात माइक चालू होता, त्यामुळे ते कण्हणं सगळ्यांना ऐकू गेलं. दुसरी खुंटी. तिसरी. स्वर एकामागून एक पायऱ्या उतरत गेले आणि तळाशी जाऊन मुके झाले. कोणी हललं नाही. दादाने एकदा तिच्या मनगटाकडे हात नेला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याने तो हात मागे घेऊन स्वतःच्या कॉलरवरून फिरवला. शेवटची तार लोंबली, तेव्हा तिने घोडीवर अंगठे ठेवून हलकेच दाबलं. रेघ मिटली. घोडी जाग्यावर होती.

"आज हे वाजणार नाही," ती माइकशिवाय म्हणाली. "ओलं झालंय. वाजवलं असतं तर तुटलं असतं."

तिला वाटलं, आता एकदाचं घडेल. आता कोणीतरी विचारेल, ओलं कसं झालं? तिच्या ओठांवर उत्तर तयार होतं, बाहेरच्या फोटोइतकं मोठं.

पण दादाने माइक हातात घेतला होता.

"मित्रहो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. आवाज भरून आणणं त्याला कायमच जमायचं. "आत्ता आपण जे पाहिलंत, तेच या दालनाचं खरं उद्घाटन. संगीत नव्हे, संयम. टाळ्यांचा मोह सोडून वस्तूच्या बाजूने उभं राहणं. हा निर्णय आमच्या संस्थेने घेतला, याचा मला संचालक म्हणून अभिमान आहे. आणि भाऊ म्हणून... भाऊ म्हणून मी काय बोलू?"

सगळं दालन उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी डोळे टिपले. वादकांनी तर मान लववून मीठबाईला नमस्कार केला आणि हात दादाच्या हातात दिला. छायाचित्रकार वाकला. मीठबाईने उताण्या वाद्यावर हातांची ओंजळ धरली होती, कारण दिवे फार जवळ आले होते.

सगळे गेल्यावर प्रयोगशाळेत तिघंच उरली. वाद्य तिथल्या जुन्या पेटीत निजलं होतं. शेजारी दादाने विरघळवलेल्या मिठाच्या दोन ताटल्या आणि नव्या मिठाचा डबा. ती चमच्याने थोडंसं मीठ टाकत होती. एकदम सगळं घालून चालणार नव्हतं. हवा झटकन कोरडी झाली असती. आज चमचाभर, उद्या चमचाभर. लाकडाला कळू न देता त्याला परत आणायचं.

"सांभाळून घेतलं की नाही मी?" दादा खुर्चीत सैलावला होता. "तू तर माझी लाजच काढायला निघाली होतीस. पण म्हटलं, बहीण आहे, वाऱ्यावर कशी सोडू."

मीठबाई ढवळत राहिली. मीठ विरघळलं. पाणी पुन्हा स्वच्छ.

"झालं ना सगळं नीट?" आईने चाचपडत तिच्या हातावर हात ठेवला. "वाद्यही राहिलं, त्याचीही शोभा झाली नाही. मिटलं आता. मिटलं ना, चिमे?"

"नाही," ती म्हणाली.

"असं काय करतेस?"

"मिटलं नाही, आई. तुला वास आला होता. कळून तू मला म्हणालीस, वाजू दे. ते मी विसरणार नाही. तुझं औषधपाणी करीन, उद्या डोळ्यांत थेंब घालायला मीच येईन, त्यात फरक पडायचा नाही. पण हे तसंच राहील. यावर पाणी ओतू नकोस."

आईने हात काढून घेतला. चष्म्याखालून तिने रुमाल आत सारला, आणि मीठबाईने डॉक्टरांची ताकीद आठवूनही तिला थांबवलं नाही.

"बघितलंस?" दादा उठत म्हणाला. "हेच, हेच मी म्हणत होतो." आणि तो आईला हाताला धरून गाडीकडे घेऊन गेला, अतिशय प्रेमाने.

पुढचे कित्येक आठवडे ती रोज मीठ घालत राहिली. आर्द्रतामापकाचा काटा कासवाच्या चालीने खाली सरकला. मग एके दिवशी टाकलेलं चमचाभर मीठ ढवळूनही तसंच राहिलं. पाणी पुन्हा हात टेकून बसलं होतं. तिने घोडीखालची जागा भिंगातून तपासली; रेघ परत उघडली नव्हती. मग एका ताटलीत आणखी मीठ घातलं, चांगलं ओंजळभर, वाद्य नव्या दालनातल्या काचेच्या पेटीत परत नेलं आणि ती ताटली त्याच्या खाली, अगदी दर्शनी बाजूला ठेवली.

दादा पाहुण्यांच्या एका घोळक्याला घेऊन येत होता. पेटीसमोर त्याची पावलं अडखळली. बहिणीजवळ येऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "एवढं कशाला घातलंस? विरघळायचं थांबलं तिथेच थांबायचं ना?"

"तिथून पुढेच लागतं."

"पण हे असं दिसणार? सगळ्यांना?"

"दिसणार," ती म्हणाली, आणि पेटीला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.